ड्रमवरचा जाड दोर

माझं पोट टॉर्कवर, म्हणजे यंत्राच्या पिळावर चालतं. बोईसरच्या एमआयडीसीत आमची कंपनी कन्व्हेयर आणि मिक्सर बनवते. कुठल्या यंत्राला केवढी मोटर, कितीचा गिअरबॉक्स आणि कुठल्या मापाच्या पुल्या लागतील हे कागदावर मांडायचं काम माझं. गेली अकरा वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. गिऱ्हाईक फोनवर विचारतं, "साहेब, पाच एचपीची लावू का?" आणि माझं डोकं फिरतं. नुसता एचपी ऐकून मी काय कपाळ सांगणार? मोटर किती फेऱ्यांची, ड्रम किती इंचाचा, ओझं किती, चढ किती, हे आधी सांगा. ऑफिसात सगळे म्हणतात, याला विचारण्यापेक्षा अंदाजाने लावलेली बरी, निदान शिव्या तरी खाव्या लागत नाहीत.

हे सगळं आधी सांगतोय, कारण पुढे जे झालं ते न शिकलेल्या माणसाच्या हातून झालं असतं तर मी त्याला माफ केलं असतं.

आमचं गाव तारापूरच्या पुढे, किनाऱ्यावर. मी बायकोमुलीसह बेटेगावात भाड्याच्या खोलीत राहतो, आईबाबा गावाला. बाबांची एकच बोट, लाकडी, चार टनांची, आणि आमच्या घरात जे काही उभं राहिलं ते तिच्यावर. माझा डिप्लोमाही तिच्यावरच. आमच्या किनाऱ्याला जेटी नाही. समुद्राने जमीन खाऊ नये म्हणून सरकारने दगडी बंधारा घातलाय, त्यात बोटी चढवायला एक चढण ठेवली आहे. ओहोटीला पाणी फार लांब जातं, बोट चिखलात बसते. भरतीला तरंगते. आणि समुद्र खवळणार असला की तिला ओढत आणून बंधाऱ्याच्या आत घ्यावी लागते, नाहीतर दगडांवर आपटून तिचा भुगा होतो.

मी लहान असताना ही ओढाओढ म्हणजे गावाचं काम होतं. कुणाचीही बोट असो, हाक मारली की वीसपंचवीस माणसं दोराला लागायची. खाली लाकडी ओंडके टाकायचे, त्यांना माशाचं तेल चोपडायचं. एक जण सूर लावायचा, बाकीचे "हैस्सा" म्हणून एकदम हिसका द्यायचे. प्रत्येक हिसक्याला बोट हातभर वर. आज तुझी, उद्या माझी, एवढाच व्यवहार होता आणि त्याला कुणी कधी नाही म्हणत नसे.

मग पोरं कंपन्यांत लागली. मी पहिल्यांपैकी एक. आता सकाळी सहाला शिफ्टची बस गावात येते आणि गावातले सगळे धडधाकट हात घेऊन जाते. मागे राहतात म्हातारे, बायका आणि पोटऱ्यांवर शिरा सुजलेले माझे बाबा. तीन वर्षांपूर्वी अशाच एका ओढण्यात त्यांची कंबर लचकली. त्या दिवशी दोराला सात माणसं होती, त्यातल्या तीन बायका.

"आता बोट वडाला कोन हाय?" बाबा खाटेवर पालथे पडून म्हणाले. "इकून टाकू. आमी पन मंग कंपनीच्या गेटवर बसू."

ते मला लागलं. मीच त्या हातांतला एक हात काढून नेला होता. मी म्हणालो, "विकायची नाही. मी वीस माणसांच्या जागी एक मोटर बसवून देतो." बोलताना मला माझ्याच शब्दांचा केवढा अभिमान वाटला, ते आठवलं की आता तोंड लपवावंसं वाटतं.

विंच, म्हणजे मोटरने ड्रमवर दोर गुंडाळत ओझं ओढणारं यंत्र, मी मनापासून केला, हे मात्र खरं. एका बंद पडलेल्या कारखान्याचं भंगार निघालं होतं, त्यातून चाळीसला एक असा गिअरबॉक्स मिळाला, म्हणजे एका बाजूने चाळीस फेरे फिरवले की दुसऱ्या बाजूला एक फेरा. पाच एचपीची, मिनिटाला चौदाशे चाळीस फेऱ्यांची मोटर. मोटरवर चार इंची पुली, गिअरबॉक्सवर आठ इंची, दोन्हींवरून रबरी पट्टे, म्हणजे वेग निम्मा आणि पीळ दुप्पट. मोटरचा पीळ अडीच किलोमीटर... असं ट्रेनी लिहितात म्हणून मी त्यांना ओरडतो, मधली रेघ विसरू नका, किलो-मीटर. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला अडीच किलो टांगले तर जेवढा पीळ पडेल तेवढा. पुल्यांनी तो पाच झाला, गिअरबॉक्सने दोनशे. पट्ट्यात आणि गिअरच्या दात्यांत जो वाया जातो तो वजा करून एकशे चाळीस उरला. ड्रम दहा इंची, म्हणजे मध्यापासून पाच इंच. भागाकार केला आणि दोराला ओढ आली अकराशे किलोची. चार टनांची बोट तेल लावलेल्या ओंडक्यांवरून त्या चढणीवर चढवायला आठशे पुरे होती. कागदावर मी अकराशेखाली दोन रेघा मारल्या.

बर्फाच्या शेडमधून थ्री फेजची वायर आणली. बंधाऱ्याच्या आत काँक्रीटचा ओटा बांधून त्यावर विंच बसवला. चाचणी भरतीला घेतली. बोट चढणीच्या पायथ्याशीच तरंगत होती, बाबांचा जुना बारीक दोर बांधला, जेमतेम सव्वाशे फुटांचा. बटण दाबलं. बोट कुणी हात न लावता वर आली, चढण चढली, आत येऊन थांबली. बायकांनी हसत हसत तोंडाला पदर लावले. थोरल्या काकांनी विंचला नारळ फोडला. बाबा ओट्याभोवती एक फेरी मारून आले आणि मोटरवर गोणपाट टाकलं.

त्यानंतर महिनाभराने मी कंपनीच्या शुक्रवारच्या सुट्टीला गावी गेलो. बाबांनी दोर बदलला होता. जुना ओहोटीला पुरत नव्हता, बोट लांब चिखलात बसली की तिथवर पोचत नव्हता. म्हणून त्यांनी तीनशे फुटांचा घेतला, आणि घ्यायचाच तर जाड घेतला, मनगटाएवढा. कोळ्याचा भरवसा दोरावर. बारीक दोर तुटतो, जाड दोर माणूस वाचवतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. तो सगळा दोर ड्रमवर गुंडाळून ठेवलेला होता, थरावर थर, कारण वाळूत ठेवला की उंदीर कुरतडतात.

मी ड्रमवर, त्या दोरावर बसलो. बसायला छान उंच झालं होतं. आईने चहा आणून दिला. माझ्या हातात मोबाईल होता, ऑफिसचा कसला तरी मेसेज होता.

"दोर कसा हाय?" बाबांनी विचारलं.

"मस्त."

"तुज्या हिशोबाला चालंल ना?"

"न चालायला काय झालं," मी म्हणालो, वर न बघता.

एवढंच. त्या दोन वाक्यांना किती वेळ लागला असेल? मी ज्या दोरावर बसलो होतो त्याची जाडी माझ्या ढुंगणाला कळत होती आणि डोक्याला कळली नाही. ड्रमवर थर चढले की दोर मध्यापासून लांब जातो. पीळ तोच, पण अंतर वाढलं, म्हणजे ओढ कमी झाली. पाच इंचांचं अकरा इंच झालं की अकराशेचे पाचशे. हा भागाकार माझी चौथीतली मुलगी करेल. ऑफिसात कुणी ड्रॉइंगवर दोराचे थर लिहायला विसरला तर मी कागद त्याच्या टेबलावर आपटतो.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात वादळाची बातमी आली. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला. बाबा पहाटे मासळी घेऊन परतले तेव्हा ओहोटी लागली होती, बोट लांबच बसली. सकाळी साडेअकराला त्यांचा फोन आला. ते कामाच्या वेळी मला कधीही फोन करत नाहीत.

"मोटर लावलीय. बोट येते हाय. पन तू ये."

"येतेय ना? मग मी कशाला?"

"तू ये," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी हाफ डे टाकून बाईक काढली. रस्त्याने वारा इतका होता की बाईक कडेला ढकलली जात होती. पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. बोट चिखल ओलांडून, वाळू ओलांडून चढणीच्या पायथ्याशी आलेली होती. सगळा सपाट भाग मोटरने ओढून काढला होता. आता फक्त चढण राहिली होती, तीस-पस्तीस फूट. आणि तिथे बोट थांबली होती.

मी स्वतः बटण दाबलं. मोटर घुमली, दोर ताठ झाला, त्यातून पाणी पिळून निघालं. बोट हलली नाही. पट्टे पुलीवर घसरून किंचाळायला लागले, जळक्या रबराचा वास आला, मग खटका पडला आणि मोटर बंद. दोन मिनिटं थांबून पुन्हा लावली. तेच झालं. तिसऱ्यांदा लावली तेव्हा एक पट्टा तुटून उडाला आणि शेडच्या पत्र्यावर आपटला.

मी ड्रमकडे बघितलं. त्याच्यावर अडीचशे फूट ओला, जाड दोर चढलेला होता. बोट जसजशी जवळ आली तसतसा ड्रम फुगत गेला होता, आणि जिथे सगळ्यात जास्त ओढ हवी, नेमकी तिथे ती सगळ्यात कमी उरली होती. मला सगळं एका क्षणात कळलं, आकड्यांसकट कळलं, आणि त्या कळण्याचा त्या घडीला काडीचा उपयोग नव्हता.

भरती अडीचची होती. शिफ्ट सुटणार तीनला, बस गावात येणार साडेतीनला. मी ओळखीच्या सहासात जणांना फोन लावले. चौघांचे फोन गेटवर जमा होते. एक म्हणाला, "सुपरवायझर सोडत नाय रे, माणूसच नाय बदलीला." मी त्याला वाट्टेल ते बोललो, त्याचा काही दोष नसताना. गावातून गेलेला तसाच एक हात मीही होतो की, अकरा वर्षं.

उपाय होता. दोर ड्रमवरून सगळा सोडवायचा, आणि बोटीजवळचं टोक आखूड करून उघड्या ड्रमला बांधायचं. मग तीस फुटांत एकच थर चढला असता आणि ओढ पुन्हा हजाराच्या घरात. उरलेल्या पट्ट्यावर भागलं असतं. पण त्यासाठी दोर ढिला हवा आणि तेवढा वेळ बोट दुसऱ्या कशाने तरी धरून ठेवायला हवी.

"बाबा, दोर काढायला लागेल सगळा."

"का?"

मी सांगायला तोंड उघडलं. मागे पाणी चढणीच्या पायथ्याला लागलं होतं. "आधी काढू," मी म्हणालो.

जुना बारीक दोर बोटीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला बांधून सुरूच्या झाडाला आवळला. मागे ओंडक्यांच्या पाचरी मारल्या. आई, काकी आणि सुकत घातलेली मासळी आवरत असलेल्या चारपाच बायका ती तशीच टाकून आल्या आणि दोन्ही बाजूंनी बोट धरून उभ्या राहिल्या. थोरले काका पंच्याहत्तरीचे, तेही. मी आणि बाबा ड्रमवरचा दोर उलगडायला लागलो. ओला दोर ताणात बसल्याने थर एकमेकांत रुतले होते. एकेक फेरा उपटून काढावा लागत होता. माझे तळवे सोलले. बाबा कमरेत वाकून ओढत होते, तीच कंबर, आणि मी त्यांना थांबा म्हणू शकत नव्हतो, कारण ते थांबले असते तर काहीच उरलं नसतं.

मनात मी फेरे मोजत होतो. अजून चार थर. अजून तीन. देवाला मी फारसं काही मागत नाही, त्या दिवशी मागितलं. म्हटलं, वीस मिनिटं दे. पंधरा दे.

दोन थर राहिले असताना एक लाट पार बोटीच्या मागच्या बाजूखाली शिरली. बोट उचलली गेली, पाचरी वाहून गेल्या. बायका ओरडून बाजूला झाल्या. बोट खाली बसली ती ओंडक्यांवरून सुटून, तिरकी. पुढच्या लाटेला जुना दोर तुटला. त्याचा आवाजही फार मोठा झाला नाही. बोट आडवी होऊन चढणीच्या कडेच्या दगडांवर गेली.

बाबा पाण्याकडे धावले. आईने त्यांना मागून मिठी मारली आणि दोघंही चिखलात बसली. मी ड्रमपाशी होतो. माझ्या हातात दोर होता, आणि तो सोडावा की धरावा हेही मला कळत नव्हतं. पाऊण तास आम्ही सगळे तिथे उभे राहून बघत होतो. एकेक फळी सुटत होती. साडेतीनला बस आली आणि तीसेक पोरं डबे हातात घेऊन बंधाऱ्यावर येऊन उभी राहिली. तीस जणांनी ती बोट गाणं म्हणत वर नेली असती.

बाबांनीच पहिल्यांदा तोंड उघडलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "माजी चूक. मी दोर बदलला. पोराचा हिशोब बरोबर होता, चाचनीला कशी वर आली बगितली ना तुमी? मी शाना, जाड दोर आनला."

मी गप्प राहिलो.

आधी वाटलं, आत्ता नको, सगळ्यांसमोर नको. घरी सांगेन. घरी आई रडत होती. मग वाटलं, दिवाळी जाऊ दे. मग बाबा महिनाभर समुद्राकडे पाठ करून बसत, तेव्हा वाटलं, आता सांगून त्यांना काय मिळणार आहे? मिळणार असतं. त्यांच्या डोक्यावरचं ओझं माझ्या डोक्यावर आलं असतं, जिथे ते असायला हवं होतं. मला हे पक्कं माहीत होतं आणि तरी मी सांगितलं नाही. मी भित्रा आहे. ऑफिसात आवाज चढवणारी माणसं बहुतेक अशीच असतात.

बाबा आता दुसऱ्याच्या बोटीवर जातात, खलाशी म्हणून. ज्यांना त्यांनी जाळं टाकायला शिकवलं, त्यांच्या हाताखाली. कुणी वादळाच्या गोष्टी काढल्या की तेच सांगतात, दोर जाड घेतला ते चुकलं. एकदा मी त्यांच्याकडे रोखून बघितलं. तो चहा, तो प्रश्न, माझं ते "न चालायला काय झालं" त्यांना आठवत असेल का? चेहऱ्यावरून काही कळलं नाही. विसरले असतील तर मी सुटलो असं नाही. आणि विसरले नसतील, तर ते इतके दिवस गावासमोर माझ्यासाठी खोटं बोलताहेत. यातलं कुठलं जास्त वाईट, ते मी झोप येईपर्यंत उलटसुलट करत बसतो.

मागच्या महिन्यात गावातल्या एकाने बोटीसाठी विंच करून मागितला. मी नाही म्हणालो. बाबा त्याला घेऊन घरी आले, मला पाटावर बसवलं, कागद पुढे केला. "याला करून दे. मोटर वाईट नव्हती." मी सगळा हिशोब पुन्हा मांडला. या वेळी ड्रम पूर्ण भरलेला धरला, त्यावर सगळ्यात जाड दोर धरला, आणि गिअरबॉक्स दुप्पट घेतला. बाबा शेजारी बसून आकडे बघत होते. त्यांना वाचता येतं, पण आकड्यांतलं काही कळत नाही.

कागद संपत आला तेव्हा त्यांनी खालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"हितं मोठ्या अक्षरात लिव. दोर बदलायचा असंल तर आदी हिशोब करनाऱ्याला इचारावं."

मी पेन धरून बसलो. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

"लिव ना," ते म्हणाले. "न इचारता बदलला म्हनून माजी गेली. दुसऱ्याची नको जायला."

मी ते वाक्य लिहिलं, मोठ्या अक्षरात, आणि त्याच्याखाली सही केली.